ज्याची तक्रार, त्याची बस

मेट्रो अजनी चौकातून सुटली तेव्हा वंदना बोरकुटेच्या हातातला फोन जरासा थरथरला आणि पडद्यावर एक करडी ओळ उमटली. धम्मानंद बाबूजींनी ग्रुप सोडला. बस्स, एवढंच. ना कारण, ना निरोप. दुसऱ्या कुणाच्या नजरेतून ती ओळ सहज सुटली असती. पण ग्रुपचं नावच होतं ‘मंगळवार’, आणि बाबूजींशिवाय मंगळवार ही कल्पना वंदनाला करता येत नव्हती. तिला आधी राग आला. मग रागाच्या पाठोपाठ, कुणाला सांगितलं तर हसेल, बरं वाटलं. म्हातारा रुसला तर एकदाचा! कितीतरी महिन्यांत उमरेडहून चकार शब्द नव्हता. आता तो उद्या-परवा गणेशपेठच्या स्टँडवर उतरेल, काखेत छत्री मारून ऑफिसात येईल, पाणी पिणार नाही, आणि भांडेल. बिनसाखरेच्या चहाचं कॅन्टीनमध्ये सांगून ठेवायला हवं, हेसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. समोरच्या सीटवरची कॉलेजची मुलगी आपल्याकडे बघते आहे हे लक्षात आलं तेव्हा तिला कळलं की आपण एकट्याच हसतो आहोत.

काँग्रेस नगर यायच्या आत तिनं फोन लावलासुद्धा. “काहून जी बाबूजी, ग्रुप काहून सोडला?” पलीकडून एका बाईचा आवाज म्हणाला, “मॅडम, मी प्रीती बोलून राहिली. बाबा नाही आता.” नाही म्हणजे बाहेर गेलेत, असंच वंदनाला आधी वाटलं. “मागच्या महिन्यात गेले. त्याइचा फोन बंद करून राहिलो आम्ही, म्हणून एकेका ग्रुपातून काढून राहिली होती.” आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं, बँकेत काम उरकताना बोलतात तसं ती बोलत होती. “मले काहून नाही सांगितलं वं?” वंदनाच्या तोंडून निघालं. “कळवलं होतं मॅडम. तुमच्या त्या नंबरवर. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचंही कळवलं होतं. तुमच्या संस्थेसाठी खुर्ची ठेवली होती आम्ही.” सीताबर्डीला दार उघडलं, माणसं उतरली, माणसं चढली, दार मिटलं, आणि आपल्याला इथंच उतरून गाडी बदलायची होती हे वंदनाच्या ध्यानात आलं तेव्हा खाली झिरो माइलचा चौक सरकत होता.

पुढच्या स्टेशनावर उतरून ती बाकावर बसली. नेमकं काय गेलं, हे तिला अजून नीट कळत नव्हतं. बाबूजी तिचे कोण? नात्याचे नाहीत, जातीचे नाहीत, गावचे नाहीत. तिची संस्था प्राणवेल ट्रस्ट, नागपुरातली. डॉक्टर आणि रक्ततपासणी तिची. त्यांची संस्था पहाट मंडळ, उमरेडमधली. सभागृह त्यांचं आणि घरोघरी जाऊन सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पोरं शोधून आणणाऱ्या बाया त्यांच्या. दर मंगळवारी दोन्ही मिळून दवाखाना चालवायचा. कागदावर एवढंच नातं, आणि त्याला नाव ‘सहकार्य करार’. करारातल्या माणसासाठी कुणी स्टेशनच्या बाकावर बसून राहतं का? पण वंदना बसून राहिली, आणि तिला आठवत राहिलं ते पहिलं भांडण.

पहिलंच वर्ष होतं. नागपूरहून नेलेल्या तरुण डॉक्टरानं घाईघाईत तपासणीचे निकाल सभागृहात माइकवरून नावानिशी वाचून दाखवले. त्यात एका मुलीचं नाव होतं. तिला आजार नव्हता, ती नुसती त्याची वाहक होती. पण चार दिवसांत तिचं साक्षगंध झालेलं लग्न मोडलं. तेव्हा खाणीवरच्या हजेरीबाबूच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले धम्मानंद मेश्राम बसनं नागपूरला आले होते. वंदनानं पाणी पुढं केलं, त्यांनी ग्लासाला हात लावला नाही. म्हणाले, “फोनवर सांगतलं असतं तं तुम्ही सॉरी म्हनून फोन ठेवून देल्ला असता. म्हनून बसनं आलो. आता माह्या तोंडाकडं पाहून सांगा, हे बरोबर हाय का?” वंदनानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि सारवासारव न करता ती पर्स उचलून उठली. त्याच दुपारी दोघं परतीच्या बसनं उमरेडला गेले, त्या मुलीच्या घरी. बापानं दार पुरतं उघडलं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून वंदनानं हात जोडले, बाबूजीही तिच्या शेजारी हात जोडून उभे राहिले. चूक त्यांची नव्हती, ते काय म्हणून हात जोडत होते, असं तिनं नंतर विचारलं तर म्हणाले, “माइक तं आमच्या मंडळाचा होता नं.” आणि तिला परत बसमध्ये बसवून देताना खिडकीखाली उभं राहून त्यांनी तो नियम केला. “आता कधी काही बिनसलं तं, ज्याची तक्रार, त्याची बस. फोनवर भांडाचं नाही. आन उपाशी भांडाचं नाही.”

करारात हे कलम कधीच नव्हतं. पण वीसेक वर्षं दोन्ही संस्था पाळत आल्या त्या हेच कलम. वंदनाची पहिली तक्रार आठवली. एका मंगळवारी मंडळानं सभागृह लग्नाला दिलं आणि दुखण्यानं कळवळणारी पोरं उन्हात ताटकळत बसली. ती नुसती फणफणत उमरेडला गेली होती. स्टँडवरच बाबूजी उभे, म्हणाले, “बोला, काय चुकलं आमचं? पन आधी जेवून घ्या.” रंभाबाईनं, त्यांच्या बायकोनं, ज्वारीची भाकर, वांगं आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा वाढला. पहिल्या घासालाच वंदनाच्या डोळ्यांतून आणि नाकातून धारा लागल्या. तोंडातून शब्द फुटेना. इतक्या तावातावानं आलेली बाई पदरानं नाक पुसत बसलेली बघून बाबूजी गडगडून हसले. “रडून घ्या मॅडम. मंग भांडू.” मग खरंच भांडले. कडाक्यानं भांडले. सभागृहात मंगळवारी लग्न पुन्हा कधी लागलं नाही. पुढं मग डॉक्टर उशिरा येतो, तुमची नर्स बायांना अगं-तुगं करते, फलकावर आधी नाव कुणाचं, न विचारता आमच्या पोराचा फोटो तुमच्या अहवालात कसा छापला, असल्या कितीतरी तक्रारींनी बसचा प्रवास केला. भांडणं काही कमी झाली नाहीत. पण प्रत्येक भांडणानंतर नागपूरला उमरेड जरा अधिक कळायचं आणि उमरेडला नागपूर. नवरा गेला तेव्हा वंदनाच्या मनीष नगरच्या फ्लॅटवर मंडळाच्या बाया आल्या होत्या, तेव्हा शेजारणीनं विचारलं, “माहेरच्या का?” वंदनानं हो म्हणून सांगितलं होतं.

ऑफिसात पोचली तेव्हा उन्मेष तिच्याच टेबलाशी उभा होता. उन्मेष म्हणजे संस्थेचा नवा संचालक, पुण्याहून आलेला, वयानं तिच्या मुलासारखा. वाईट पोरगा नव्हता. उलट वाईट असता तर वंदनाला सोपं गेलं असतं. ‘एवढी मोठी भागीदारी एका माणसाच्या ओळखीवर उभी नको, मॅडम, उद्या तुम्ही रिटायर झालात तर?’ असं त्यानं पहिल्याच बैठकीत म्हटलं होतं, आणि ते इतकं बरोबर होतं की वंदनानंच आधी मान डोलावली होती. मग काचेच्या इमारतीत ऑफिस आलं, सगळ्या जोडीदार संस्थांसाठी एकच नंबर आला, काहीही असलं तरी त्यावरच कळवायचं असं ठरलं, पोर्टल आलं, प्रत्येक संस्थेच्या नावापुढे एक ठिपका आला, तक्रारी असतील तर लाल, नसतील तर हिरवा. तिनं सांगितलं तसा उन्मेषनं पोर्टलवर तो निरोप शोधून काढला. ‘आमचे सचिव धम्मानंद मेश्राम यांचे काल पहाटे दुःखद निधन झाले. वंदना मॅडमना कळवावे.’ त्याखाली तेवढ्याच मिनिटाला यंत्रानं दिलेलं उत्तर. ‘संपर्क केल्याबद्दल धन्यवाद! आपला मुद्दा नोंदवला आहे. आपला दिवस आनंदात जावो.’ पुण्यानुमोदनाच्या निरोपाखालीही तेच. मुद्दा निकाली निघाल्याची खूणही होती.

उन्मेषनं दोन्ही निरोप पुन्हा वाचले. “सॉरी मॅडम. खरंच सॉरी. सिस्टीममध्ये निधनाची कॅटेगरीच नाहीये.” तो खरोखर कळवळला होता, हे दिसत होतं. मग थोड्या वेळानं तिला धीर द्यावा म्हणून म्हणाला, “पण बघा ना, त्यांचं आपल्याशी किती छान होतं. वर्षभरात एकही तक्रार नाही. आपला सगळ्यात हिरवा पार्टनर आहे तो.” वंदना त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिली. बाबूजींना तक्रार नाही? ज्या माणसाला वरणात मीठ कमी पडलं तर जगाच्या न्यायाची चिंता लागायची, त्याला वर्षभर तक्रार नाही, आणि हे आपल्याला खटकलं नाही? खटकलं होतं. पण ती शांतता तिलाही सोयीची वाटली होती. गुडघे दुखत होते, मार्चअखेरचे अहवाल होते. मंगळवारी उमरेडला जाणारे डॉक्टर-नर्स आता दर महिन्याला नवे, त्यांना बाबूजी कोण हेच ठाऊक नव्हतं. “मार्चअखेर त्यांचा करार संपतोय,” उन्मेष हळूच म्हणाला. “लिंक पाठवू का सहीची? की तुम्ही...” “मी जाते,” वंदना म्हणाली. “बसनं जाते.” त्यानं संस्थेची गाडी घ्या म्हटलं, तिनं ऐकलं नाही.

दिघोरी मागे पडलं, पाचगाव आलं, उजव्या हाताला गिट्टी खदानींचे पांढरे ढीग लागले. उन्हाचा चटका सुरू झाला होता आणि खिडकीची पट्टी हाताला पोळत होती. एवढ्या वर्षांत या बसमध्ये वंदना कधी रिकाम्या डोक्यानं बसली नव्हती; जाताना काय बोलायचं याची जुळवाजुळव, येताना काय बोलायचं राहिलं याची चुटपुट. आज ती पिशवीत करार घेऊन निघाली होती आणि तक्रार मात्र शोधत होती. तक्रार असल्याशिवाय या बसमध्ये बसायचं कसं? सही मिळेल की नाही, हा प्रश्न उन्मेषचा होता. तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. बाबूजी गेले तरी ते दार उघडं आहे का? तिथं अजून कुणी ‘आधी जेवून घ्या’ म्हणणारं आहे का, आपल्या तोंडाकडं बघून भांडणारं आहे का? असेल तर मंगळवार आहे. नसेल तर मग नुसता दवाखाना आहे, तो काय कुणीही चालवेल. चांपा गावाच्या पुढं बस थांबून पुन्हा निघाली तेव्हा तिला तिची तक्रार सापडली, आणि ती इतकी खरी होती की तिला हुंदका आवरावा लागला.

स्टँडवर प्रीती उभी होती. बाबूजींची मोठी मुलगी. शाळेत शिकवते, आता मंडळाची सचिवही तीच. “जयभीम मॅडम, या,” म्हणाली, पण काय चुकलं आमचं, असं तिनं विचारलं नाही. घरी पडवीत बाबूजींचा फोटो होता, ताज्या फुलांचा हार होता, आणि खुंटीला ती छत्री होती. रंभाबाई उठून आल्या. वंदनाचा हात धरून त्यांनी तिला खाली बसवलं. मग पानं मांडली गेली. भाकर, वांगं, ठेचा. पहिल्या घासाला वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी हसलं नाही. प्रीतीनं न बोलता दह्याची वाटी तिच्या ताटाजवळ सरकवली, आणि त्या सौजन्यानं वंदनाला जेवढं परकं वाटलं तेवढं या घरात कधीच वाटलं नव्हतं.

हात धुऊन झाल्यावर ती म्हणाली, “प्रीती, मी तक्रार घेऊन आली वं.” प्रीतीनं मान वर केली. “माझी तक्रार अशी आहे की तुम्ही भांडायला आला नाहीत. नंबर बदलला, ऑफिस बदललं, डॉक्टर दर महिन्याला नवा येतो, तुम्हाला त्रास झालाच असेल. झाला नं? मग बाबूजींनी बस काहून नाही पकडली? मी कुठं गेली होती?”

“पकडली होती मॅडम,” प्रीती म्हणाली. “बाबा आले होते.”

वंदनाला आधी ऐकूच आलं नाही. “संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी,” प्रीती सांगत होती, “मी म्हटलं, करीचा दिवस आहे, नका जाऊ. त्याइचा श्वासही भरून राहिला होता तवा. पन ऐकलं नाही. तुमच्या नव्या ऑफिसात खाली थांबवलं त्याइले. भेटीची वेळ घेतली का म्हने. मग त्या नंबरवर मेसेज टाका म्हने. बाबा म्हनले, ‘मी बसनं आलो,’ पन तिथल्या पोरीले काय समजते त्याचं? तिळगूळ देल्ला म्हने तिनं, गोड बोलली म्हने. दुपारपावतर बसले बाबा सोफ्यावर. मग परत आले. मले तिळगूळ देल्ला, म्हनले, वंदनाबाईच्या ऑफिसातला हाय.”

संक्रांतीचा दुसरा दिवस. वंदनाला तो दिवस शोधावा लागला नाही. वर्धा रोडवरचं हॉटेल, गार सभागृह, प्रत्येक खुर्चीवर चांदीच्या कागदातला तिळाचा लाडू, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘संस्थांमधली भागीदारी: विश्वास कसा टिकवावा’. महाराष्ट्रभरातून संस्था आल्या होत्या. उन्मेषनं आग्रहानं तिला बोलायला उभं केलं होतं, आणि ती काय बोलली होती? ती उमरेडच्या एका हजेरीबाबूची गोष्ट बोलली होती. ज्याची तक्रार, त्याची बस. लोक हसले होते, डोळे पुसले होते, टाळ्या थांबत नव्हत्या. कुणीतरी येऊन म्हणालं होतं, मॅडम, हे वाक्य आमच्या ऑफिसात लावतो. आणि त्याच वेळी ते वाक्य ज्याचं, तो माणूस तिच्या ऑफिसात सोफ्याच्या कडेला छत्री टेकवून बसला होता.

“त्या दिवशी कुठं होत्या वं बाई तुमी?” रंभाबाईंनी विचारलं. त्यात टोचणी नव्हती, नुसतं जाणून घ्यायचं होतं. खोटं बोलणं सोपं होतं. वंदना म्हणाली, “एका मोठ्या सभेत होती जी. बाबूजींचीच गोष्ट सांगून राहिली होती लोकांले.” रंभाबाई फोटोकडे बघत राहिल्या. “असं का,” म्हणाल्या. “मंग बरं. त्याचंच नाव घेऊन राहिल्या होत्या तं बरं.” आणि त्यांचं समाधान झालं. त्या समाधानानं वंदनाच्या काळजाला जसं भोक पडलं तसं शिव्यांनी पडलं नसतं.

“काय तक्रार होती त्यांची?” तिनं प्रीतीला विचारलं. “काही बोलले असतील. घरी आल्यावर, नंतर कधी.”

“मी इचारलं मॅडम. पन नाही सांगतलं. म्हने, ते वंदनाबाईचं आन माहं हाय, तिलेच सांगीन. पुन्हा जाईन म्हने, बरं वाटलं का.” प्रीतीनं खांदे उचलले. “नाही वाटलं बरं.”

ऊन पडवीत शिरलं होतं. प्रीतीनं घड्याळाकडे पाहिलं, तिला दुपारच्या पाळीचा वर्ग होता. “तुम्ही कागद आणला असेल नं मॅडम?” वंदनानं पिशवीतून करार काढला. दर वर्षी हा कागद बाबूजी पडवीत मोठ्यानं वाचून घ्यायचे. मंडळाच्या बाया कलमागणिक नाक मुरडायच्या, एकेका शब्दाला अडून बसायच्या, निम्मा दिवस जायचा, आणि नागपूरला परतल्यावर वंदनाला ते सगळे शब्द बदलून घेताना नाकीनऊ यायचे. प्रीतीनं पेन उघडलं आणि शेवटचं पान काढलं. “वाचून घे नं वं,” वंदना म्हणाली. तिचा आवाज तिलाच विनवणीचा वाटला. “बायांना बोलाव. मी थांबते, रात्रीच्या बसनं जाईन. काही पटत नसेल तर सांग. डॉक्टरचं आहे, नंबरचं आहे, खोडून टाक म्हण.”

“काय वाचाचं मॅडम,” प्रीती म्हणाली आणि तिनं सही केली. अक्षर बाबूजींसारखंच होतं, टपोरं. “पोराइले मंगळवार पाहिजे, तेवढं चालू ठेवा. बाकी आमची आता काही तक्रार नाही.”

तिनंच वंदनाला स्टँडवर आणून बसमध्ये बसवून दिलं. खिडकीखाली मात्र थांबली नाही, वर्गाला उशीर होत होता. बस हलली, कोळशाचे ट्रक समोरून धुरळा उडवत आले आणि गेले. वंदना मनातल्या मनात बाबूजींची तक्रार शोधू लागली. डॉक्टर टिकत नाही, ही असेल का? की त्या नंबरवर माणूस नसतो, ही? बायांचे फोटो पोर्टलवर टाकले, ही? की एवढंच, की फार दिवसांत तुम्ही आला नाहीत, मॅडम? ती एकेका तक्रारीला उत्तर देत गेली, आणि प्रत्येक वेळी बाबूजींचं म्हणणं बरोबर निघालं. पाचगावजवळ फोन थरथरला. उन्मेष होता. ‘सही झाली का मॅडम? काही इश्यू?’ तिनं लिहिलं, ‘सही झाली. काही तक्रार नाही.’ लगेच पलीकडून हसरा चेहरा आला, आणि एक हिरवा ठिपका.

मग तिला रडू आलं. आजूबाजूला माणसं आहेत, कंडक्टर बघतो आहे, याची लाज न बाळगता ती पदरात तोंड घालून रडली, ओठांवर अजून ठेच्याची आग होती. दिघोरीचा नाका आला तेव्हा तिनं डोळे पुसले, नाक पुसलं, पदर सारखा केला आणि सरळ बसली. रडून झालं होतं. शेजारची सीट रिकामी होती, आणि आता भांडायला कुणी नव्हतं.